देवांची प्रेमं, नकार आणि लग्नं : कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवरात्र जवळ आलं, चैत्रात जोतिबाच्या सासनकाठ्या निघाल्या किंवा घरात लग्न ठरलं, की हे प्रश्न ठरलेलेच. काही शाळकरी पोरांचे, काही नव्या सुनांचे, काही कादंबरी लिहायला बसलेल्यांचे. पुन्हापुन्हा आलेले प्रश्न इथं एकत्र केले आहेत. उत्तरं वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: देवाचं लग्न कुणाशी झालं हे विचारण्याआधी ती गोष्ट कोण सांगतंय हे बघावं लागतं. पोथी वाचणारे गुरुजी, गोंधळी, वाघ्या-मुरळी, जोगती, धनगर या प्रत्येकाकडची सोयरीक वेगळी आहे.

१. अंबाबाई म्हणजे महालक्ष्मीच ना? मग ती विष्णूची बायको आहे की नाही?

मूर्तीकडं बघून उत्तर द्यायचं तर नाही. अंबाबाईच्या चार हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र आहे; मस्तकावर नाग, लिंग आणि योनी; मागं सिंह. कमळं घेतलेली, विष्णूचे पाय चेपणारी लक्ष्मी ही नव्हे. दुर्गासप्तशतीला जोडलेल्या प्राधानिक रहस्यात महालक्ष्मीचं जे वर्णन येतं, त्याच्याशी ही मूर्ती जुळते.

त्या रहस्यात पुढं काय होतं ते फार कमी जण वाचतात, आणि तिथंच खरी गंमत आहे. ही महालक्ष्मी सगळ्यांच्या आधीची. तिच्यापासून महाकाली आणि महासरस्वती झाल्या. मग तिघींनी एकेक जोडी जन्माला घातली: महालक्ष्मीनं ब्रह्मा आणि श्री, महाकालीनं रुद्र आणि सरस्वती, महासरस्वतीनं विष्णू आणि गौरी. त्यानंतर महालक्ष्मीनं स्वतः लग्नं लावून दिली. ब्रह्म्याला सरस्वती, रुद्राला गौरी, विष्णूला श्री. म्हणजे विष्णूची बायको ही तिची लेक, आणि विष्णू तिचा जावई. देवळात अंबाबाईच्या दोन्ही बाजूंना महाकाली आणि महासरस्वती आहेत, ती मांडणी या कथेला धरून आहे.

माझं मत विचाराल तर कोल्हापूरच्या देवीचं खरं स्थान हेच: नवरी नव्हे, सोयरिकी जुळवणारी थोरली आई. पण पद्मावतीची आणि बालाजीची गोष्ट इथल्या माणसांच्या तोंडी इतकी बसली आहे, की तिला बाजूला सारता येत नाही. ती पुढच्या दोन प्रश्नांत.

२. लक्ष्मी रुसून कोल्हापूरला आली म्हणतात, ती गोष्ट नेमकी काय?

ही गोष्ट तिरुमलेच्या, म्हणजे तिरुपतीच्या डोंगराच्या, वेंकटाचल माहात्म्याची. तिन्ही देवांत श्रेष्ठ कोण हे ठरवायला भृगू ऋषी निघाले. ब्रह्मा आणि शिव यांच्याकडं त्यांचं मन भरलं नाही. वैकुंठात विष्णू झोपलेले दिसले, तेव्हा त्यांनी सरळ छातीवर लाथ घातली. विष्णू उठले ते रागावले नाहीतच, उलट "तुमच्या पायाला लागलं का?" म्हणून ऋषींचे पाय चेपायला लागले.

लक्ष्मीला राग आला तो इथं. विष्णूची छाती हे तिचं राहण्याचं ठिकाण. परक्या माणसानं तिच्या घरावर लाथ मारली आणि नवरा त्याचीच सरबराई करतोय! ती उठली आणि करवीरला, म्हणजे कोल्हापूरला, निघून आली. बायकोच्या अपमानाला नवऱ्यानं मोठ्या मनानं माफ करून टाकलं, हे तिचं दुखणं. ऐकताना आयाबाया माना डोलवतात त्या उगीच नाही.

३. बालाजीनं दुसरं लग्न केलं म्हणून ती परत गेली नाही, हे खरं का?

क्रम उलटा आहे. आधी लक्ष्मी गेली (प्रश्न २), मग तिच्या शोधात विष्णू श्रीनिवास, म्हणजेच बालाजी, होऊन वेंकटगिरीवर आले. तिथं त्यांना वकुळामाई भेटली, ती पूर्वजन्मीची यशोदा. कृष्णाचं एकही लग्न आपल्याला बघायला मिळालं नाही, ही यशोदेची हुरहुर होती, म्हणून या जन्मी मागणी घालायला तीच गेली. नवरी पद्मावती, आकाशराजाची मुलगी.

पद्मावती कोण, हेही बघा. माहात्म्यात ती पूर्वीची वेदवती. सीतेच्या जागी लंकेत राहिली आणि नंतर रामाला म्हणाली, मलाही स्वीकार. रामाचं एकपत्नीव्रत. त्यानं नकार दिला, पण पुढं कलियुगात लग्न करीन असा शब्दही दिला. सगळ्या पुराणांत इतका सभ्य नकार दुसरा सापडणं कठीण: कारण सांगितलं, मुदत सांगितली आणि शब्द पाळला.

आणि लग्नाला लक्ष्मी हजर होती! तिला आणायला सूर्य करवीरला आला. श्रीनिवासाची तब्येत बरी नाही, असं खोटं सांगून त्यानं तिला नेलं, ही थाप श्रीनिवासानंच पढवली होती. तिथं गेल्यावर तिला लग्नाचं कळलं, आणि तिनं मोडता घातला नाही. आजही पद्मावती तिरुचानूरला, बालाजी डोंगरावर आणि लक्ष्मी करवीरात, अशी तीन घरं या कथेत मांडलेली आहेत. "टाकलेली बायको" हे चित्र कथेत नाही. ते आपण घातलेलं आहे.

४. तिरुपतीहून शालू येतो, तो नवऱ्यानं बायकोला पाठवलेलाच ना?

तिरुमला देवस्थानाकडून नवरात्राच्या सुमारास अंबाबाईला शालू येतो, हे खरं. तो नवऱ्याचा आहेर म्हणायचा की नाही, यावरून कोल्हापुरात दरवर्षी वाद झडतात. प्रश्न १ मधली आदिमाया मानणारे म्हणतात, जावयानं सासूला नेसवलेलं लुगडं म्हणा हवं तर. प्रश्न २ ची गोष्ट मानणारे म्हणतात, रुसलेल्या बायकोची समजूत. एका देवस्थानानं दुसऱ्या देवस्थानाच्या देवतेला वस्त्र द्यायला नातं लागतंच असं नाही, मान म्हणूनही वस्त्र दिलं जातं. दोन्ही बाजूंना मी हेच सांगतो आणि दोन्ही बाजू माझ्यावर नाराज असतात.

५. लग्नासाठी बालाजीनं कर्ज काढलं होतं?

हो. लक्ष्मीच निघून गेल्यावर घरात पैसा कुठला? कुबेराकडून कर्ज घेतलं, आणि कलियुग संपेपर्यंत ते फेडायचं आहे. हुंडीत पडणारा पैसा त्याच फेडीला जातो, ही श्रद्धा.

६. टेंबलाई अंबाबाईची सवत आहे का? पाठ करून का बसलीय?

सवत अजिबात नाही. टेंबलाई म्हणजेच त्र्यंबोली ही अंबाबाईची सखी, कुणी धाकटी बहीण म्हणतं. अंबाबाईनं कोल्हासुर दैत्याचा वध केल्यानंतर कामाक्ष नावाच्या दैत्यानं देवांना बकऱ्या करून टाकलं, तेव्हा त्र्यंबोलीनं कामाक्षाला मारून त्यांना सोडवलं. विजयाचा सोहळा झाला तेव्हा नेमकं तिलाच बोलावणं गेलं नाही. ती रुसून टेकडीवर जाऊन बसली, शहराकडं पाठ करून.

अंबाबाईनं काय केलं? निरोप पाठवला नाही, स्वतः गेली. अश्विन शुद्ध पंचमीला, म्हणजे ललिता पंचमीला, अंबाबाईची पालखी आजही त्र्यंबोलीच्या भेटीला जाते आणि तिथं कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो. कोहळा म्हणजे कोल्हासुर. देवादिकांच्या रुसव्यांत नवरा-बायकोचेच रुसवे मोठे असतात असं नाही, हे सांगायला हा प्रश्न इथं ठेवला.

७. जोतिबाचं लग्न झालंय का? यमाई त्याची बायको ना?

नाही. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत संध्याकाळी जोतिबाची पालखी यमाईच्या देवळाकडं जाते आणि तिथं लग्न लागतं, हे बघून बाहेरगावचा माणूस हटकून हीच समजूत करून घेतो. लग्न यमाईचं लागतं ते जमदग्नीशी. जमदग्नीच्या जागी कट्यार असते. यमाई म्हणजे रेणुका, म्हणून नवरा जमदग्नी.

जोतिबात ब्रह्मा, विष्णू, महेश यांच्याबरोबर जमदग्नीचाही अंश आहे असं मानणारे पुष्कळ आहेत, त्यामुळं गुंता वाढतो. पण लग्नाला उभी राहते ती कट्यार, हे लक्षात ठेवलं की चुकायला होत नाही. गुलालात न्हालेल्या गर्दीतून कट्यार दिसणं मात्र अवघड, हेही मान्य.

८. देवी विधवा कशी होईल? सौंदत्तीला रांडाव पुनव कसली पाळतात?

सहस्रार्जुन आणि त्याच्या माणसांनी जमदग्नीला मारलं, ही कथा सर्वांना माहीत. सौंदत्तीची यल्लम्मा म्हणजे रेणुकाच; तिच्या परंपरेत ही कथा नुसती सांगत नाहीत, पाळतात. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास सौंदत्तीच्या डोंगरावर देवीच्या बांगड्या फुटतात. ती रांडाव पुनव. पुढं अहेव पुनवेला तिला पुन्हा चुडा भरतात. कोल्हापुरातून सौंदत्तीला जाणारे भाविक परत आले, की ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळात आंबील यात्रा होते. आंबील-घुगऱ्या, भाजी-भाकरी, "उदं गं आई उदं".

रेणुकेचं लग्न पुराणात फार कठोर आहे. पाण्यात क्रीडा करणाऱ्या चित्ररथ गंधर्वाकडं बघून तिचं मन क्षणभर चळलं. जमदग्नीनं मुलांना तिला मारायला सांगितलं. परशुरामानं ऐकलं, आणि मग वर मागून आईला परत उठवलं. एका नजरेला एवढी शिक्षा, हे मला कुठल्याही स्पष्टीकरणानं पटत नाही. पण लोकांनी या ऋषीपत्नीला सोडलं नाही. जिचा नवरा रागीट, जिचं कुंकू गेलं, तिलाच आई म्हणून डोंगरावर बसवलं.

९. मुलीचं देवाशी लग्न लावतात, तेही या कथांतलंच का?

याचं उत्तर थोडक्यात आणि ठाम. मुलगी देवाला सोडणं हा गुन्हा आहे. कर्नाटकात १९८२ चा आणि महाराष्ट्रात २००५ चा कायदा आहे. यल्लम्माच्या कुठल्याही कथेत लहान मुलीला मुत्तू (देवाला सोडल्याची खूण म्हणून गळ्यात बांधतात ते मणी) बांधायला देवीनं सांगितलेलं नाही. केसात जट आली तर ती कापायची. त्याला बोलावणं समजायचं नाही.

१०. खंडोबाच्या दोन बायका कशा? म्हाळसा आणि बाणाई यांत खरी कोण?

दोघी खऱ्या. म्हाळसा लिंगायत वाण्याची, रीतसर मागणी घालून, हळद लागून आलेली. आपल्याकडची माणसं तिचं लग्न बघायला पौषात कराडजवळच्या पालीला जातात. बाणाई धनगराची, आणि ते प्रेमप्रकरण. जागरणात वाघ्या सांगतो त्याप्रमाणं खंडोबा म्हाळसेशी सारीपाट खेळला, हरला आणि पणाप्रमाणं बारा वर्षं घराबाहेर पडला. मग बाणाईच्या बापाकडं चाकर म्हणून मेंढरं राखली. राजा असल्याचं लपवलं. मुलीचं मन जिंकायला मल्हारी मार्तंड लेंड्या गोळा करतोय, हे दृश्य फक्त आपल्याच लोकांना सुचलं.

दुसरीला घेऊन आल्यावर म्हाळसेनं जे तोंड सोडलं, त्याची गाणी रात्रभर पुरतात. जेजुरीत म्हाळसा गडावर देवाशेजारी आणि बाणाईचं ठाणं गडाच्या वाटेवर निम्म्यात, अशी वाटणी झाली. काही ठिकाणी शिंपीण, माळीण, तेलीण अशाही बायका सांगतात. प्रत्येक समाजानं आपली लेक देऊन देवाला जावई करून घेतलंय. म्हणून "खरी कोण" हा प्रश्न वाण्याला विचाराल तर एक उत्तर, धनगराला विचाराल तर दुसरं.

११. पंढरपुरात रखुमाईचं देऊळ वेगळं का?

कृष्णाजवळ राधा बसलेली पाहिली आणि रुक्मिणी रुसून दिंडीरवनात आली. तिला शोधत आलेला देव पुंडलिकानं फेकलेल्या विटेवर उभा राहिला. लक्ष्मीच्या रुसव्याशी (प्रश्न २) ही गोष्ट जवळची आहे, फक्त इथं देव आला तो परत गेलाच नाही. दोघांचं लग्न पंढरपुरात वसंत पंचमीला लागतं.

१२. देवांनासुद्धा नकार मिळतो का?

भरपूर. सगळ्यांत जुना ऋग्वेदात, दहाव्या मंडलातल्या दहाव्या सूक्तात. यमी आपल्या जुळ्या भावाला, यमाला, मागणी घालते. ती हुज्जत घालते, तो नाही म्हणतो. आपण बहीणभाऊ आहोत, दुसरा कुणी बघ. शेवटी ती त्याला भेकड म्हणते. शाप नाही, वध नाही, नुसतं भांडण.

त्याच मंडलातल्या ९५ व्या सूक्तात पुरूरवा उर्वशीची मनधरणी करतो आणि ती परत येत नाही. तो मरून जाईन म्हणतो, ती म्हणते मरू नकोस, पण बायकांच्या मैत्रीवर विसंबूही नकोस. मला हा नकार फार आवडतो. तिच्या बाजूनं रागही नाही आणि आशाही नाही.

कच-देवयानी सर्वांना ठाऊक आहेत ती बहुधा नाटक-कादंबऱ्यांतून. महाभारतात कचाचं कारण साधं आहे: मी तुझ्या बापाच्या पोटातून बाहेर आलो, म्हणजे तू माझी बहीण. देवयानी शाप देते, तुझी विद्या तुला फळणार नाही. कच उलटा शाप देतो, कुठलाच ऋषिपुत्र तुझं पाणिग्रहण करणार नाही. म्हणून पुढं ती क्षत्रिय ययातीच्या घरी गेली, आणि शर्मिष्ठेचं सगळं रामायण घडलं.

१३. अर्जुनानं उर्वशीला नकार दिला तर शाप अर्जुनाला. शूर्पणखेला नकार मिळाला तर नाक तिचंच कापलं. हा कसला न्याय?

न्याय नाहीच. तिथं बळ कुणाकडं आहे ते दिसतं. उर्वशी स्वर्गाची, इंद्राच्या दरबारातली. पुरूरव्याची बायको म्हणून ती कुरुवंशाची पूर्वज, हे अर्जुनाचं कारण. तिनं ते धुडकावलं: अप्सरांना तुमच्या नात्यागोत्याचे नियम नाहीत. मग नर्तक होऊन बायकांत राहशील असा शाप, इंद्रानं तो एका वर्षावर आणला आणि विराटाघरी बृहन्नडा म्हणून तो उपयोगी पडला. (पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीनं हा प्रसंग मूळ पाठात घेतलेला नाही, परिशिष्टात टाकलाय.) शूर्पणखा एकटी, परक्या टोळीची, आणि तिची आधी चेष्टा केली गेली. नकार देणं वेगळं, नकाराची थट्टा करणं वेगळं.

१४. तुळशीचं लग्न आनंदाचं, मग वृंदेची गोष्ट इतकी वाईट का?

कारण ते लग्न फसवणुकीच्या पाठोपाठ आलंय. वृंदेच्या पातिव्रत्यामुळं जालंधर मरत नव्हता. विष्णूनं जालंधराचं रूप घेऊन तिला फसवलं. तिनं शाप दिला, तुझीही बायको कुणी पळवून नेईल. लोककथेत तो दगड झाला, शाळिग्राम. ती तुळस झाली. कार्तिक द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत आपण जो ऊस, चिंचा-आवळे ठेवून अंतरपाट धरतो, तो सोहळा देवाच्या अपराधाची भरपाई म्हणूनही बघता येतो. पोरांना गोष्ट सांगताना हा भाग गाळू नका. मोठी झाल्यावर कळतोच, आणि मग लपवणाऱ्याचा राग येतो.

१५. लग्न ठरून मोडलेले देव आहेत का?

कन्याकुमारी. बाणासुराला कुमारिकेच्याच हातून मरण होतं, आणि शिवाचं तिच्याशी लग्न ठरलं. मुहूर्त पहाटेआधीचा. नारदानं कोंबड्यासारखी बांग दिली, वेळ टळली असं समजून शिव वाटेतून शुचींद्रमला परतले. लग्नाचं धान्य वाळूत मिसळलं, म्हणून तिथली वाळू रंगीत. जुळवणी करणारा नारद मोडायलाही तेवढाच हुशार.

१६. गणपतीला बायका आहेत का? आणि कार्तिकेयाला?

गणपतीच्या सिद्धी आणि बुद्धी. शिवपुराणात पृथ्वीप्रदक्षिणेची पैज आधी कुणाचं लग्न लावायचं यासाठीच होती. आईबापांभोवती फिरून गणपती जिंकला. मोरावरून दमून आलेला कार्तिकेय धाकट्याचं लग्न लागलेलं बघून क्रौंच पर्वतावर निघून गेला. म्हणून आपल्याकडं तो ब्रह्मचारी. तमिळनाडूत गेलात तर त्याच्या शेजारी देवसेना आणि वल्ली दोघी उभ्या. एकाच देवाचा संसार नदी-डोंगर ओलांडला की बदलतो.

१७. मी काल्पनिक दुनियेतल्या देवांची प्रेमकथा लिहितोय. कुठले नियम पाळू?

पुराणांनी स्वतः पाळलेले पाळा. शाप मागं घेता येत नाही, उःशापानं फक्त मुदत घालता येते. वर देणारा स्वतः बांधला जातो. मागणी मध्यस्थाकरवी जाते: शिवासाठी सप्तर्षी हिमालयाकडं गेले, श्रीनिवासासाठी वकुळामाई. मध्यस्थाचा स्वभाव नीट लिहिलात तर अर्धी कथा झाली. लग्नाला खर्च येतो (प्रश्न ५). सासरा अपमान करू शकतो, दक्षाच्या यज्ञात सतीचं काय झालं ते आठवा. परीक्षा दोन्ही बाजूंनी असते: पार्वती तप करत असताना शिवच बटू होऊन आले आणि शिवाची नालस्ती करायला लागले, तिनं त्यांना झापलं, तेव्हा होकार.

नावं मात्र नवी घ्या. म्हाळसा, यमाई, रेणुका ही कुणाच्या तरी घरची कुलदैवतं आहेत, टाकावर कोरलेली. त्यांच्या तोंडी तुमचे संवाद घातलेत तर वाचक गोष्ट वाचायचं सोडून भांडायला येईल, आणि तो अगदीच चुकीचा असेल असं नाही.

१८. नव्या जोडप्यानं आधी अंबाबाईला जायचं की जोतिबाला?

आधी आपल्या कुलदैवताला. ते जेजुरी-पालीचं असेल तर जागरण, देवीचं असेल तर गोंधळ, घरातल्या थोरल्या बाईला विचारा. त्यानंतर अंबाबाईची ओटी भरून त्याच दिवशी जोतिबाचा डोंगर चढणारी जोडपी पुष्कळ दिसतात. रविवार आणि पौर्णिमा टाळा. जोतिबाला नवा शालू नेसून जाऊ नका, गुलाल निघत नाही.